मी वाचवलेली वही

बोईसरच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर बरीच वर्षं एक पितळी पाटी होती. तिच्यावर माझं नाव आणि खाली एक ओळ. भीषण आगीत प्रसंगावधान राखून रिगची नोंदवही वाचवल्याबद्दल, अशा अर्थाची. पाहुणे आले की सुमन, माझी बायको, चहाबरोबर तो किस्साही द्यायची. ‘रिग जळत होती आणि यांनी छातीला वही बांधून पाण्यात उडी घेतली!’ पाहुणे माझ्याकडे आदराने बघायचे आणि मी बशीतल्या बिस्किटांकडे बघायचो. वही मी वाचवली हे खरं आहे. तिच्यात काय लिहिलं होतं हे मात्र घरात कुणाला माहीत नव्हतं. संपादकांनी ‘समुद्रावरचं काहीतरी थरारक’ मागितलं, तेव्हा म्हटलं, थरार लोकांनी पुष्कळ लिहिलाय. आपण वहीबद्दल लिहावं.

आधी धंदा समजावून सांगतो. मी समुद्रातल्या तेलाच्या रिगवर रेडिओ ऑपरेटर होतो. आमच्या भागात हे सांगणं सोपं नव्हतं. बोईसरचा माणूस एक तर अणुशक्तीत असतो, नाहीतर एमआयडीसीत. ‘तेलात आहे’ म्हटलं की लोक विचारायचे, ‘गोडंतेल का?’ कुंभवलीच्या माझ्या मावशीने तर शेवटपर्यंत मला घाण्याचा मॅनेजर समजून शेंगदाणा तेलाचा भाव विचारला.

रिग म्हणजे समुद्राच्या तळात लोखंडी पाय रोवून उभं केलेलं छोटं गाव. वर ड्रिलिंगचा मनोरा, हेलिकॉप्टर उतरायला चौथरा, शंभरेक माणसांना झोपायला खोल्या आणि चहूकडे पाणी. झाड नाही, कुत्रं नाही. चौदा दिवस तिथे, चौदा दिवस घरी. आम्ही दोघे ऑपरेटर. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मी, पुढचे बारा तास कलकत्त्याचा सुब्रतो. हेलिकॉप्टरशी बोलायचं, जहाजांशी बोलायचं, हवा सांगायची, आणि माणसांना घरी फोन लावून द्यायचा.

फोनवाली गिऱ्हाइकं एकेक अशी होती की बस्स. रामावतार नावाचा बिहारी वेल्डर दर रविवारी रांग लावायचा आणि पाच मिनिटांत फक्त ‘हाँ... हाँ... हाँ’ म्हणून फोन ठेवायचा. एकदा मी विचारलं, ‘काही बोलत का नाहीस?’ तर म्हणाला, ‘घर में सब बोलते हैं, रेडिओ साब. मैं तो सुनने के लिए लगाता हूँ.’ आमचे एक वरिष्ठ साहेब होते, त्यांना हेलिकॉप्टरची भयंकर भीती. परतायचा दिवस आला की सकाळीच माझ्या खोलीत यायचे आणि हळूच म्हणायचे, ‘थोडा मौसम बिगाड़ दो यार.’ एकदा मी खरंच बिघडवला. लख्ख ऊन असताना ‘धुकं, दृश्यमानता कमी’ असं लिहिलं आणि हेलिकॉप्टर दुपारवर गेलं. साहेबांनी मला आपल्या वाटणीचं आइस्क्रीम पाठवलं. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो, आणि तीच मला भोवली. मी शिकलो की खिडकीबाहेर काय आहे ते कुणी बघत नाही, वहीत काय आहे तेच बघतात.

ही वही म्हणजे रेडिओ खोलीची नोंदवही. दर तासाला एक नोंद करायची: वारा, समुद्र, आसपासची जहाजं, कुणाला काय कळवलं. दिवसभरात बारा नोंदी. संध्याकाळी पान स्कॅन करून मुंबईच्या कार्यालयात पाठवायचं. तिथे कुणीतरी बारा ओळी भरल्या आहेत एवढं बघून त्यावर खूण करायचं. अकरा भरल्या तर फोन यायचा. चुकीच्या भरल्या म्हणून कधी आला नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. सकाळी सहाला खुर्चीत बसलो की चहा थंड व्हायच्या आत मी संध्याकाळपर्यंतच्या बाराही नोंदी लिहून मोकळा व्हायचो. वारा मंद, समुद्र शांत, सर्व ठीक. दिवसात काही वेगळं घडलंच तर ओळीवर बारीक अक्षरात भर घालायची. सुब्रतो तेच करायचा. एकमेकांना आम्ही हे सांगितलं नव्हतं, पण सकाळी वही हातात घेतली की शाईवरून कळायचं. बारा तासांच्या बारा ओळी, सगळ्या एकाच दमात लिहिलेल्या.

अशात एका वर्षी पावसाळा सरता सरता वरून एक पत्र आलं. रिगभोवती पाचशे मीटरचा पट्टा बंदीचा असतो, तिथे मच्छीमार बोटींनी यायचं नाही. पण रिगच्या पायांपाशी मासे जमतात, म्हणून बोटी येतात. रेडिओ ऑपरेटर त्यांना हटकत नाहीत, हटकले तर नोंद करत नाहीत, यापुढे रोज नोंद हवी आणि बोटीच्या क्रमांकासह हवी, असं पत्रात होतं. आता पाचशे मीटरवरच्या डुलणाऱ्या बोटीचा क्रमांक कुठून वाचणार? बऱ्याच दिवशी तर बोट नसायचीच. पण ओळ भरायला हवी होती. सुब्रतोने सरळ आपल्या स्कूटरचा नंबर बोटीच्या नंबरासारखा करून लिहायला सुरुवात केली. मी मला पाठ असलेला एकुलता एक बोटीचा क्रमांक लिहिला.

तो पाठ कसा, तर तो मीच रंगवला होता.

रेडिओचा कोर्स करायच्या आधी मी पेंटर होतो. तारापूरच्या कारखान्यांच्या भिंतींवर ‘धोका’ आणि खाली कवटी व दोन हाडं हे माझं पोट भरण्याचं साधन. माझ्या कवट्या हसऱ्या दिसतात अशी एका मॅनेजरने तक्रारही केली होती. त्या काळापासून आमच्या घरी मासळी आणायची ती किनाऱ्यावरच्या दांडी गावची हिराबाय. कुंभवलीला असताना आईकडे यायची, आम्ही बोईसरला आलो तर तिथेही यायला लागली. तिचा नवरा पांडूदादा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. त्यांनी नवी बोट बांधली तेव्हा मी रिगवर नोकरीला लागलो होतो, तरी हिराबायने हट्टच धरला. ‘पेंटर, नंबर तुमीच लिवायचा. तुमच्या हातचा आकडा लांबून वाचता येतो.’

सुट्टीत मी दांडीला गेलो. बोटीचं नाव ‘महालक्ष्मी कृपा’. नाकाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या तैलरंगाने मी नाव आणि क्रमांक लिहिला. इंग्रजी चारचा आकडा मी वरून उघडा काढतो आणि नवाची शेपूट आत वळवतो. पांडूदादा वाळूत दहा पावलं मागे गेला, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाला, ‘झ्याक.’ पूजेचं खोबरं आणि पापलेटचं कालवण खाऊन मी घरी आलो. तेव्हापासून तो मला नावाने नाही, ‘पेंटर’ म्हणूनच हाक मारायचा.

तोच क्रमांक मी वहीत लिहायला लागलो. ‘अमुक बोट, बंदी क्षेत्रात, इशारा दिला, दूर गेली.’ रोज. वाईट हेतू नव्हता, पण हेतूच नव्हता हेही तितकंच वाईट आहे. कोण वाचतंय, असं वाटायचं. ‘महालक्ष्मी कृपा’ पत्रानंतरच्या तीन महिन्यांत आमच्या पट्ट्यात एकदाही आली नव्हती. मुंबईच्या कागदावर मात्र माझ्या पाळीत ती रोज येत होती.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. जेवणाच्या सुट्टीला अजून दीड-दोन तास होते. आधी गॅसचा वास आला, मग सायरन झाला, आणि सायरनचा आवाज पुरता चढायच्या आत स्फोट. माझ्या खोलीची काच आत आली. सांगायला लाज नाही, त्या दहा मिनिटांत मी माझं काम नीट केलं. ‘मेडे’ हा संकटाचा संदेश तीनदा दिला, जागा सांगितली, माणसं सांगितली, उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडली नाही. मग रिग सोडायचा भोंगा झाला. नियम असा की ऑपरेटरने नोंदवही सोबत घ्यायची. मी ती पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घातली आणि लाइफ जॅकेटच्या आत छातीला बांधली.

बहुतेक माणसं पूर्वेकडच्या लाइफबोटीतून उतरली. आम्ही अकरा जण दुसऱ्या कोपऱ्यात अडकलो. मध्ये आग. सुब्रतोची खोली त्या आगीच्या बाजूला होती आणि तो रात्रपाळी करून झोपला होता. दोघे जण त्याला आणायला वळले आणि धुराने परत फिरले. आम्ही गाठींच्या दोरावरून पाण्यात उतरलो. आमच्या दिमतीचं जहाज लाइफबोटीतल्या लोकांना घेत होतं. आमच्या बाजूला वाऱ्याने सगळा धूर आणि जळतं तेल येत होतं, तिकडे ते मोठं धूड आणणं म्हणजे आणखी एक आग लावणं. कप्तानाने आणलं नाही ते बरोबरच होतं. नंतर तटरक्षकांची हेलिकॉप्टरं आली, भाजलेल्यांना त्या धुरात लोंबकळून उचलून नेलं. त्या पोरांचे उपकार फिटणार नाहीत. पण ती यायला वेळ होता, आणि जळतं तेल आमच्याकडे सरकत होतं.

तेवढ्यात धुरातून एक लाकडी बोट आली. खलाशी ओली गोणपाटं डोक्यावर घेऊन बसले होते. आधी मला तिचं नाक दिसलं, नाकावर पांढरा क्रमांक, वरून उघडा चार.

बोट दोन-तीन किलोमीटरवर मासेमारी करत होती. जाळं पाण्यात होतं. ओढून घ्यायला दीड तास लागला असता, म्हणून पांडूदादाने कोयता घेऊन ते कापलं आणि तसंच समुद्राला सोडलं. मच्छीमाराने जाळं कापणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला उभं पीक पेटवायला सांगून बघा म्हणजे कळेल. ते सहा जण होते. त्यांनी आम्हा अकरांना एकेक करून जॅकेटच्या पट्ट्याला धरून वर घेतलं. माझी पाळी आली तेव्हा वरून आवाज आला, ‘अरं, पेंटर हाय रं! पेंटर, हात द्या!’ मी हात दिला.

आता जे सांगायचं आहे ते इथून पुढचं.

बोट धुराबाहेर आली. कुणी आपला शर्ट काढून दिला, कुणी स्टोव्हवर काळा चहा ठेवला. रामावतार माझ्या शेजारी थरथरत बसला होता. मला आठवण आली ती वहीची. भिजली तर नाही, म्हणून मी पिशवी उघडली. त्या दिवसाचं पान समोर आलं. दुपारी बारा: मच्छीमार बोट, क्रमांक अमुक, इशारा दिला, दूर गेली. दुपारी तीन: वारा मंद, समुद्र शांत, सर्व ठीक. संध्याकाळी सहा: सर्व ठीक. सकाळी चहाबरोबर लिहिलेलं ते सगळं माझ्याच अक्षरात. बारा अजून वाजायचे होते. मागे रिग जळत होती, सुब्रतो आत होता, आणि जिला मी बारा वाजता दूर हाकलणार होतो त्याच बोटीत बसून मी तिचा चहा पीत होतो.

मी ते पान फाडलं, चोळामोळा केला आणि पाण्यात टाकलं. त्या क्षणी माझ्या मनात सुब्रतो नव्हता, गेलेले नव्हते. माझी नोकरी होती. मान वर केली तर सुकाणूवरून पांडूदादा बघत होता.

‘भिजला का कागद?’ त्याने विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं.

तो पुन्हा समोर बघायला लागला.

आमचे सहा जण त्या दिवशी गेले. सुब्रतो त्यांतला एक.

पुढे मुंबईला चौकशी झाली. लांब टेबल, तीन साहेब, आणि मध्ये मी वाचवलेली वही. शेवटचं पान पाण्यात गेलं हे त्यांनी मान्य केलं. पण आधीच्या तीन महिन्यांची पानं शाबूत होती. मधले साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून विचारलं, ‘ही एकच बोट वारंवार बंदी क्षेत्रात दिसते. त्या दिवशीही तीच सर्वांत जवळ होती. आगीच्या आधीपासून आत होती का? तिच्या नांगराचा किंवा जाळ्याचा काही संबंध?’

हाच तो क्षण. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘साहेब, या नोंदी खोट्या आहेत, मी चहा पिता पिता लिहायचो.’ सुब्रतो गेला होता, म्हणजे हे सांगू शकणारा जगात मी एकटाच उरलो होतो. मी म्हणालो, ‘नोंदीत आहे ते बरोबर आहे, सर.’

आगीचं कारण पुढे दुसरंच निघालं, बोटीचा संबंध नाही असंही ठरलं. पण बंदी क्षेत्राचा भंग वेगळा. कागद मत्स्यव्यवसाय खात्याकडे गेले. ‘महालक्ष्मी कृपा’चा परवाना एका हंगामासाठी स्थगित झाला, सवलतीचं डिझेल बंद झालं. जाळं तर आधीच गेलं होतं. बोट दांडीच्या वाळूवर ओढून ठेवली. पुढच्या वर्षी ती गुजरातकडच्या कुणाला तरी विकली, खलाशी पांगले, आणि पांडूदादाचा मुलगा नितेश सालवडला खोली घेऊन केमिकलच्या कारखान्यात लागला.

बचाव करणाऱ्यांचा सत्कार झाला तेव्हा हेलिकॉप्टरवाले होते, जहाजाचा कप्तान होता. बोटीचं नाव नव्हतं, कारण तिचं तिथे असणंच बेकायदा ठरलं होतं. आणि मला ती पितळी पाटी मिळाली. मी स्टेजवर गेलो, वाकलो, फोटो काढून घेतला.

तुम्ही विचाराल, मग झोप कशी लागायची? लागायची. माणूस कारणं शोधण्यात पटाईत असतो. कधी म्हणायचो, परवाना एका हंगामाचाच तर गेला. कधी म्हणायचो, पोरींचं शिक्षण आहे. मग म्हणायला लागलो, आता फार दिवस झाले. दिवस मीच जाऊ दिले होते, हे सोडून सगळं म्हणायचो.

हिराबाय येत राहिली. आता दुसऱ्यांच्या बोटीची मासळी घेऊन, पण येत राहिली. एकदा बोंबील साफ करता करता तिने पाटीकडे हनुवटी उचलून सुमनला विचारलं, ‘त्याच्यावर काय लिवलंय?’ सुमनने सगळा किस्सा अभिमानाने सांगितला. मी आतल्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. हिराबाय ऐकून म्हणाली, ‘वही वाचवली. बरं केलंत.’ आणि पुढचा बोंबील हातात घेतला.

निवृत्त झाल्यावर आम्ही जुने सहकारी मंडळ करून बोईसरला दरवर्षी स्मृतिदिन पाळतो. गेलेल्या सहांना फुलं वाहायची, बचाव करणाऱ्यांचे आभार मानायचे. भाषण करायचा मान बहुधा माझा, कारण माझा आवाज रेडिओचा. मी हेलिकॉप्टरवर बोलायचो, जहाजावर बोलायचो, लोकांचे डोळे ओले करायचो. गेल्या हिवाळ्यात आमच्या सेक्रेटरींचा फोन आला. ‘या वेळेस बचाव करणाऱ्यांपैकी कुणाला तरी प्रत्यक्ष बोलवू या. तुमच्या ओळखीचं आहे का कुणी इथे जवळपास?’

जवळपास! रिक्षाने जाण्याइतकं जवळ. मी ‘बघतो’ म्हणून फोन ठेवला, आणि त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीला गेलो. सुमनला सांगितलं, मासळी आणायला जातोय. तिला आश्चर्य वाटलं, मासळी तर दारात येते.

पांडूदादा घरापुढे सावलीत कुणाचं तरी जाळं विणत बसला होता. हिराबाय काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. मी बाकड्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. चहा पिता पिता लिहिलेल्या नोंदी, फाडलेलं पान, चौकशीतलं ते एक वाक्य. सांगताना मी त्याच्या सुईकडेच बघत होतो. सुई थांबली नाही.

‘ठाव हाय,’ तो म्हणाला.

‘काय ठाव आहे?’

‘समदं. खात्याच्या साहेबानं कागद दावलं नव्हतं? म्हनला, बग, तुजी बोट रोज आत जाते. मी बगितलं तर आकडं तुमच्या हातचं. तो वरून उगडा चार आन नवाची शेपूट. तीन वर्सं माज्या बोटीच्या नाकावर व्हतं ते. मी नाय वळखनार?’

मी विचारलं, ‘मग साहेबाला सांगितलं का नाहीत?’

‘काय सांगू? ज्याला पान्यातना काडला त्याला परत ढकलू?’ त्याने गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला. ‘पन येक सांगतो, पेंटर. जाळ्याचं मला कायच वाटलं नाय. बोटीचं वाटलं, पन तेबी गेलं. मला वाटलं व्हतं, तुमी याल. पयलं वरीस तर रोज वाट बगितली. म्हटलं, येल, सांगल, मानूस हाय.’

हिराबाय पाठ करूनच उभी होती. बोंबील काठीवर टांगत ती म्हणाली, ‘तुमाला हितवर यायाची पन गरज नव्हती. मीच तर तुमच्या दारात बसलेली असायची.’

मी पांडूदादाला स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाला बोलावलं. तो म्हणाला, ‘मी नाय येनार. मी आलो तर समदी माजी तारीफ करतील, आन तुमचं झाकून जाईल. तुमी सांगा.’

मी सांगितलं. घरी आधी सुमनला, आणि ते सगळ्यांत अवघड गेलं. ती पाटीकडे बघत म्हणाली, ‘आणि मी त्या बाईला पाटी वाचून दाखवली!’ मग स्मृतिदिनाला, फुलांच्या टेबलाजवळ उभं राहून सांगितलं. पहिल्या रांगेतले एक माजी अधिकारी म्हणाले, ‘आता कशाला हे? इतकी वर्षं झाली.’ तेव्हा मागून एक म्हातारा उठला. आमचा रामावतार, आता इथेच मुलाकडे राहतो. म्हणाला, ‘मैं भी उसी नाव में था. ग्यारह आदमी थे. किसी ने पूछा नहीं, तो हमने बोला नहीं.’ आणि बसला. फोनवर फक्त ‘हाँ’ म्हणणारा माणूस तेवढं बोलला. बाकीचे जे हयात होते त्यांनी माना खाली घातल्या.

लेखी निवेदन घेऊन मी पालघरला खात्याच्या कार्यालयातही गेलो. कारकून सज्जन होता. फाइल शोधून वाचली आणि मला विचारलं, ‘बोट विकली ना काका? मग कारवाई मागे घ्यायची ती कुणावरची?’ त्याने निवेदनावर शिक्का मारून पोच दिली. ती मी पांडूदादाला नेऊन दिली. त्याने ती देवाच्या फळीवर ठेवली, वाचली नाही. पाटी मी उतरवली. भिंतीवर तिच्या जागी चौकोन उमटलाय, सुमन त्यावर रंग लावू देत नाही.

यंदा श्रावणात हिराबाय दारात आली, टोपलीशिवाय. नितेशने कारखाना सोडून मामाबरोबर छोटी फायबरची होडी घेतली होती. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात घालायची होती. ‘पेंटर, नंबर लिवायचा हाय.’

मी म्हटलं, ‘ब्रश धरून कितीतरी वर्षं झाली. आणि हल्ली स्टिकर मिळतात छान.’

‘स्टिकर खाऱ्या पान्यात सुटतात,’ ती म्हणाली आणि निघूनही गेली.

ब्रश नवे घेतले, पांढरा तैलरंग घेतला आणि दांडीला गेलो. होडी वाळूवर उलटी-सुलटी करून पुसून ठेवलेली होती. पांडूदादा जाळं घेऊन पलीकडे बसला होता. नितेशने नोंदणीचा कागद माझ्या हातात दिला. मी एकदा नजर फिरवली, घडी करून खिशात ठेवला आणि ब्रश रंगात बुडवला. सवय. आयुष्यभर आकडे मी असेच लिहिले.

‘पेंटर,’ हिराबाय मागून म्हणाली, ‘कागद भायेर काडा. या येळेला बगून लिवा.’

कुणी हसलं नाही. पांडूदादाने मान वर केली नाही. मी खिशातून कागद काढला, नितेशने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला. एक आकडा बघायचा, एक लिहायचा. दोन्ही बाजूंना मिळून मला सबंध दुपार लागली.